सापेक्षतेवाचून कारखान्याचं काय अडतं?

भोसरीकर: एका प्राध्यापक मित्राने ऐकवलं, आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत नसता तर जीपीएस दिवसाला ११ किलोमीटर चुकलं असतं, स्वारगेटला निघालास की कासारवाडी! मला नाही पटत. टूलरूममध्ये आम्ही मायक्रॉनचे हिशेब करतो, सगळे न्यूटनवर. मतं मांडा.

कोथरूडची मनी: अहो, जीपीएस घड्याळांच्या वेळेवरूनच अंतर काढतं. उपग्रहातलं घड्याळ वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) मागे पडतं आणि २०,२०० किमी उंचीवर गुरुत्व कमी म्हणून ४५ पुढे पळतं. वजा जाता ३८ पुढे. १९७७ साली एनटीएस-२ हा जीपीएसचा चाचणी उपग्रह सोडला तेव्हा तुमच्यासारखेच शंकेखोर होते. दुरुस्तीचं सर्किट बसवलं, पण बंद ठेवलं. सुमारे २० दिवस घड्याळ मोकळं सोडलं, ते जवळपास गणिताइतकंच पळालं. मग मुकाट्याने सर्किट चालू केलं.

पेठेतला: ११ किलोमीटर ही लोणकढी आहे. सगळी घड्याळं सारखीच पळाली तर रिसीव्हर चौथ्या उपग्रहावरून स्वतःच्या घड्याळाची चूक काढतो, त्यातच हीही निघून जाते. शिवाय जमिनीवरून तपासणी चालूच असते. कारण न कळताही कुणीतरी घड्याळ जुळवलंच असतं.

कोथरूडची मनी: सगळं नसतं जुळलं. कक्षा किंचित लंबगोल, म्हणून प्रत्येक घड्याळ आपापल्या वेळी जलद-सावकाश होतं. उत्केंद्रता (लंबगोलपणाचं माप) ०.०२ असेल तर ४६ नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग), म्हणजे जवळपास १४ मीटर. ही दुरुस्ती तुमच्या फोनमधलाच रिसीव्हर करतो. लक्ष्मी रोडवर १४ मीटर म्हणजे भलताच बोळ.

भोसरीकर: बरं, ते उपग्रहवाल्यांचं. माझ्या बाइकमध्ये काय?

चाकणवाला: बॅटरी! ती शिसे-आम्लाची असेल तर बघा: शिशाच्या अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार शिसे-आम्ल सेलच्या सुमारे २ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेचे.

पेठेतला: आणि ती बॅटरी प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली १८५९ मध्ये, आइनस्टाइन जन्मायच्या २० वर्षं आधी. माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे.

कोथरूडची मनी: हे मात्र मान्य, निसर्ग परवानगी मागत नाही. पण कॅन्सरवरच्या रेडिएशनचं लिनॅक यंत्र घ्या, नळीत इलेक्ट्रॉनला वेग देणारं. ६० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला न्यूटनच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ पाचपट पळायला हवा. प्रत्यक्षात तो प्रकाशाच्या जरासा मागेच राहतो. नळीतल्या पोकळ्यांची लांबी या वेगावरच ठरते. न्यूटनवर कापल्या तर यंत्र भंगारात.

भोसरीकर: पोकळ्या तांब्याच्या ना? टॉलरन्स काय असतो?