माणसं वाढवली की काम उरकतं?

मरोळकर
आमच्या ऑफिसात आरोग्य विम्याचे क्लेम तपासतात. पावसाळा लागला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या फायलींचा ढीग आणि दर जुलैत एकच ओरड: माणसं द्या. गेल्या वर्षी चार मिळाली. ऑगस्टभर जुन्यांचा निम्मा दिवस त्यांना शिकवण्यात गेला, पेंडिंग उलट वाढलं. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच सॉफ्टवेअरबद्दल लिहून ठेवलंय की रखडलेल्या कामावर माणसं चढवली की ते आणखी रखडतं. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा, दहा जणांत थेट पंचेचाळीस.

यंदा माणसं मागितलीच नाहीत. दोन दिवस वही घेऊन बसलो आणि फायली परत का येतात ते लिहीत गेलो. सगळ्यात जास्त वेळा काय? रद्द केलेला चेक जोडलेला नाही. त्याखालोखाल, डिस्चार्ज समरीचं शेवटचं पान गायब, म्हणजे नेमकं सही-शिक्क्याचं. एकेक फाईल तीनदा उघडा, तीनदा पहिल्यापासून वाचा. आता कागद काउंटरवरच मोजतो, अपुरी फाईल आत घेतच नाही. माणसं तेवढीच, ढीग कमी. तुमचा अनुभव?

बदलापूर_फास्ट
आमच्याकडे 'प्रोसेस सुधारा' म्हणजे सातऐवजी नऊला निघा. दोघं सोडून गेले, जागा भरल्या नाहीत, वर साहेब आम्हाला स्मार्ट वर्क शिकवतात. एक सांगा, काउंटरवर कागद मोजायला जो बसवलात, त्याचं आधीचं काम कोण करतंय?

मरोळकर
तो क्वेरीची, म्हणजे राहिलेले कागद मागवण्याची पत्रं टाइप करायचा. पत्रंच कमी झाली.

गार्डचा_डबा
लोकल घ्या. नऊ डब्यांच्या बारा केल्या, २००९ पासून पश्चिम रेल्वेवर पंधराही धावतात. मोटरमन एकच, गार्डही एकच (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणायचं, डबा तोच). पण त्यासाठी फलाट लांबवावे लागले. तुमच्या साहेबांना फलाटाचे पैसे विचारा. आमच्याकडे साधा स्कॅनर घ्यायचा तर तीन सह्या लागतात.

बदलापूर_फास्ट
बरोबर! पंधरा डब्यांची माणसं नऊ डब्यांत कोंबतात आणि त्याला कार्यक्षमता म्हणतात.

आकडेमोड
मरोळकर, वही आवडली, पण एक धोका आहे. रांगेचं साधं गणित घ्या: एक खिडकी, लोक केव्हाही येणार, कुणाला कमी वेळ लागणार, कुणाला जास्त. खिडकीवरचा माणूस ८० टक्के गुंतलेला असेल, तर एका कामाला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट ताटकळावं लागतं. ९० टक्के गुंतला की नऊपट. काम वाढलं आठव्या हिश्श्यानं, रांग दुपटीहून जास्त. वाचलेला वेळ मोकळा राहिला तरच डेंग्यूची लाट झेपेल. साहेबांनी तो भरला नाही ना?

मरोळकर
भरला. सोमवारपासून ठाणे शाखेच्या फायलीही आमच्याकडे.

बदलापूर_फास्ट
किती वाजता निघता आता?

मरोळकर
पावणेआठ. पण वही बंद केलेली नाही. ठाण्याच्या फायलींचा वेगळा रकाना पाडलाय. महिनाअखेरीस तोच पुढे ठेवून एक माणूस मागणार आहे. चार नाही, एक. आणि शिकवायला वेळ मिळावा म्हणून जुलैच्या आत.