शहरात रोज, सुट्टीला आडवाटेला : छोटी फोर बाय फोर वापरणाऱ्यांचे अनुभव

रोज ऑफिसला न्यायची आणि शनिवारी वेल्ह्याच्या पुढे कच्च्या रस्त्याला घालायची, अशी एकच छोटी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी हवी असणारे सध्या खूप जण भेटतात. माहितीपत्रकातले आकडे त्यांना पाठ असतात. पण गाडी रात्री कुठे उभी राहते, मागच्या सीटवर कोण बसतं आणि लो रेंजचा (वेग कमी, जोर जास्त देणाऱ्या गिअरचा) दांडा खरोखर कुठे ओढावा लागला, हे वापरणाऱ्याकडूनच कळतं. म्हणून हा धागा. कुठली गाडी श्रेष्ठ यावर वाद नको. तुमचं गाव, तुमची गाडी, तुमचे रस्ते यांबद्दल लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, जिमनी (मॅन्युअल)

माझा निर्णय पार्किंगनं केला. आमच्या सोसायटीत दोन खांबांच्या मधे गाडी घालावी लागते. जिमनीची रुंदी 1645 मिलिमीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षाही कमी, थारची 1820. जवळजवळ सात इंचांचा हा फरक पेठांतल्या गल्ल्यांत रोज जाणवतो. मागचा दरवाजा मात्र आडवा उघडतो, त्यामुळे गाडी भिंतीला चिकटवून लावली की डिकीतलं सामान काढता येत नाही. डिकी 208 लिटरची. चौघं जण आणि तंबू हे गणित त्यात बसत नाही.

मढे घाटाच्या बाजूला पावसात जाते तेव्हा टू-एचवरून फोर-एच, म्हणजे दोन चाकांवरून चारी चाकांवर, चालत्या गाडीतच टाकते. फोर-एलसाठी, म्हणजे लो रेंजसाठी, थांबावं लागतं. खडबडीत चढावर एखादं चाक अधांतरी झालं की ते नुसतंच फिरतं. मग गाडी आपणहून त्याच चाकाला ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. त्या वेळी खालून करकर आवाज येतो. नवखा माणूस तो ऐकून पाय उचलतो, आणि तिथेच गाडी अडते. पाय स्थिर ठेवायचा, गाडी सावकाश निघते. घाटातल्या हायवेवर 105 पीएसचं पेट्रोल इंजिन खालच्या गिअरमध्ये आणावं लागतं, हे धरूनच विचार करा. मला साधारण बाराशे किलोचं वजन जास्त मोलाचं वाटतं. चिखलात हलकी गाडी रुतते कमी आणि रुतली तरी दोघातिघांनी ढकलून निघते.

कोल्हापूर, थार डिझेल

नोकरी शहरात, शेती राधानगरीच्या बाजूला. आमच्याकडं आडवाट शोधायला जावं लागत नाही, शेताची पाणंदच पुरे. ऊसतोडीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊन जाऊन पाणंदीत चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. गाडीचं पोट त्यावर टेकलं की चारी चाकं फिरूनही उपयोग नाही. म्हणून मी 226 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) बघून ही घेतली. तरीही ट्रॅक्टरच्या चाकोरीत दोन्ही चाकं घालायची नाहीत. एक बाजू मधल्या उंचवट्यावर, दुसरी बांधाकडच्या कडेला, असं चालवायचं.

माझ्या गाडीत मागच्या डिफरन्शिअलला, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या भागाला, लॉक आहे; तो लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. काळ्या चिकण मातीत टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, त्या वेळी त्याची किंमत कळते. डिझेलचा 300 न्यूटन मीटरचा ओढा असल्यामुळं लो रेंजच्या पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर न देताही गाडी चढ चढते.

घरच्यांचं बघा मात्र. तीन दरवाज्यांच्या थारमधे मागं जायचं तर पुढची सीट दुमडून चढावं लागतं. आई गुडघ्यांमुळं पुढंच बसते, मागं पोरं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं दोन आहेत त्यांनी पाच दरवाज्यांची थार रॉक्स बघावी. तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं आणि लांबी जवळपास साडेचार मीटर होते, म्हणजे शहरातली सोय थोडी सोडावी लागते.

ठाणे, सेकंडहँड डस्टर एडब्ल्यूडी

या यादीत ही गाडी कुणी धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह भारतात 2014 मध्ये आली. तिला लो रेंज नाही, पण पहिला गिअर इतका छोटा आहे की हळू चढायला पुरतो. आम्ही पाच जण, दरवर्षी कुडाळला गावी जातो. पाचशे किलोमीटर बसून कुणाची कंबर धरत नाही आणि गावातला शेवटचा लाल मातीचा उतार पावसातही निभावतो. मोठे धोंडे असलेल्या वाटेला मी ती नेत नाही, आमची ती गरजही नाही. ही जुनी डस्टर आता बनत नाही, त्यामुळे घेण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. मागची चाकं जोर घेतात का हे ओल्या मातीवर लॉक मोडमध्ये (चारी चाकांना जोर देणाऱ्या) टाकून बघायला सांगा.

चंद्रपूर, जिप्सी

ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवतो. नवी जिप्सी मिळत नाही, पण जुनी घेणारे अजून विचारायला येतात. पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांचं सस्पेन्शन आहे. जंगलात चालून जातं, रोज ऑफिसला जाणाऱ्याची पाठ दुखेल. पुढच्या चाकांच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, हाताने फिरवायचं लॉक असतं; ते लावल्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. चिखल दिसला की आधी उतरून दोन्ही हब लॉक करायचे, मग आत येऊन दांडा टाकायचा. चिखलात शिरल्यावर उतरलात तर हबपर्यंत हात चिखलात जातो. गाडी साधी आहे, कुठल्याही गावातला मिस्त्री खोलतो. शहरात रोज चालवायची असेल तर मी घ्या म्हणणार नाही.

रत्नागिरी, जिमनी (ऑटोमॅटिक)

कृपा करून किनाऱ्यावर गाड्या घालू नका. ओहोटीच्या वेळी वाळू टणक वाटते, भरती फिरली की तीच चाकाखालून सरकते, आणि मग गावातली पोरं रात्री दोरखंड घेऊन धावतात. आमच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वरच्या कोरड्या वाळूतली घरटी गाडीतून दिसत नाहीत. शिवाय खारं पाणी गाडीच्या बुडाला खातं. गाडी चालवायला इथले जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, पुष्कळ आहेत. जांभा कोरडा असताना टायरला छान धरतो, शेवाळ चढलं की चढावर नुसता घसरतो. तिथे मी फोर-एल आणि पहिला गिअर सोडत नाही, उतारालाही. फक्त सडा कुणाच्या मालकीचा आहे ते विचारून जा.

मस्कत, तीन दरवाज्यांची जिमनी

मूळची सांगलीची. इथे शुक्रवारी वाळवंट नाहीतर वाडी, म्हणजे कोरड्या नदीचं दगडगोट्यांचं पात्र. वाळूत शिरण्याआधी चाकांची हवा पंधरा पीएसआयच्या आसपास उतरवतो. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. भारतातल्या मंडळींनी हे नक्की शिकावं. हवा कमी करायला पैसे लागत नाहीत. परत डांबरावर येताना हवा भरलीच पाहिजे, म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीतच असतो. एकट्या गाडीने आम्ही कधीच जात नाही.

नाशिक, अजून घ्यायची आहे

वरचं सगळं वाचून आणि गाड्या चालवून बघून एक हिशेब मांडते. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे, पेट्रोलला मात्र 1200 सीसीची मर्यादा. त्यामुळे फक्त मागच्या चाकांवर चालणारी 1.5 डिझेल थार 18 टक्क्यांत बसते; थार फोर बाय फोर आणि जिमनी दोन्ही 40 टक्क्यांत. दिसायला थारच हवी आणि त्र्यंबकच्या पुढे खडीचा रस्ता एवढीच गरज असेल, तर टू व्हील ड्राइव्ह घेऊन उरलेल्या पैशांत चांगले ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारे) टायर घ्यावेत, हे माझं मत. टायर गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापाचेच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत आणि विम्याच्या वेळी प्रश्न उभा राहतो.

मला ताम्हिणी आणि भंडारदऱ्याच्या आतल्या वाटा करायच्या आहेत, म्हणून मी जिमनीकडे झुकले आहे. आमच्या गॅरेजवाल्यांनी दिलेला सल्ला इथे ठेवते. दर महिन्याला थोडा वेळ मोकळ्या मातीत फोर-एच टाकून चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शिअलमधलं ऑइल फिरतं. कोरड्या डांबरावर हे करू नका. जिमनी, थारसारख्या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शिअल नसतो, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक जिमनी आहे त्यांनी कसारा घाट भरल्या गाडीने कसा चढतो ते लिहा, माझं तेवढंच ठरायचं राहिलं आहे.