एस्प्रेसोची तुलना कशी करतात? शनिवारच्या आत मदत हवी आहे

मेहरूणकाठ:
नमस्कार. शहरातल्या सहा दुकानांची एस्प्रेसो ताडून बघतोय. वहीत दहापैकी गुण मांडतो. दोन रविवार घातले, पण हाती काही लागलं नाही. जवळजवळ सगळ्या सारख्याच लागतात. आंबट, कोमट, शेवटच्या घोटाला राख. गुण ३, ३, २, ३, ४. फक्त एकीला ७ गेले. नावं देत नाही, मालक ओळखीचे आहेत. क, ख, ग, घ, च, छ समजा.

शनिवारी पुण्याचे दाजी येतायत. दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्याकडे भरीत खावं, कॉफीचं नाव काढू नये." त्यांना एकाच दुकानात न्यायचंय. चव घ्यायची काही पद्धत असते का? 'गूगल कर' म्हणू नका, केलंय.

भुसावळवाला:
शहर कोणतं?

मेहरूणकाठ:
आयडी वाचा की राव. जळगाव.

चहाच_बरा:
१२० रुपयांना खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढी कॉफी, आणि वर तिला गुण द्यायचे. तेवढ्यात दोघांचा पोटभर नाश्ता होतो.

दोन_घोट (धुळे):
वरच्यांकडे लक्ष देऊ नका. माझ्याकडे घरी मशीन आहे, तीन वर्षं रोज काढतोय. आधी आकडे घ्या. साधारण १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पाण्याचा दाब ९ बार, तापमान ९० ते ९६ अंश. यातलं फक्त सेकंद तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून मोजता येतात, तेवढे मोजा. १५ सेकंदांत कप भरला तर पाणी नुसतं धावून गेलं, कॉफी आंबट लागणार. ४५ लागले तर कडू. दळणाची जाडी चुकली की हे होतं, बिया कितीही भारी असोत.
सेकंद किती होते ते सांगा, मग बोलू.

मेहरूणकाठ:
सेकंद मोजले नाहीत.

टीडीएस_काका:
दळण वगैरे नंतर. आधी पाणी! कॉफीच्या कपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची, बोअरचं पाणी जड. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६८०. ते मशीनमध्ये घातलं की आत पांढरा थर धरतो, सहा महिन्यांत बॉयलरची वाट. म्हणून दुकानदार आरओ लावतात, तर तो पाणी २०-३० वर आणून ठेवतो, आणि कॉफी फिक्की नाहीतर आंबट. १५० च्या आसपास हवा. दुकानात वाघूर धरणाचं नळाचं पाणी आहे, बोअर आहे की जार, हे विचारलंत का?

दोन_घोट (धुळे):
काका, सहा दुकानांत सहा वेगवेगळी पाणी असणार. सगळ्या कॉफ्या सारख्याच वाईट का लागतील?

टीडीएस_काका:
सगळ्यांकडे आरओ असेल तर लागतील. पंधरा वर्षं पाण्याच्या धंद्यात आहे.

दोन_घोट (धुळे):
पाण्याच्या धंद्यात आहात, कॉफीच्या नाही.

सौ_देवपूर:
अहो, भांडू नका. एस्प्रेसो घरी छान होते. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, चमचाभर पाणी घालून वाटीत पांढरी होईस्तोवर फेटायची. मग उकळतं दूध वरून ओतायचं आणि चॉकलेट पावडर भुरभुरायची. माझ्या नणंदेच्या लग्नात हीच होती, पाहुण्यांची रांग लागलेली.

भुसावळवाला:
ताई, ती लग्नातली एस्प्रेसो. हे मशीनमधल्या काळ्या कॉफीबद्दल चाललंय. मेहरूणकाठ, तुम्ही काळीच घेतली ना सगळीकडे? आणि ७ गुण कुणाला?

मेहरूणकाठ:
'च' ला. त्याने दूध घालून दिली होती, वर चॉकलेट पावडर. मी एस्प्रेसोच मागितली होती.

भुसावळवाला:
म्हणजे तुमच्या यादीत पहिली आलेली कॉफी एस्प्रेसोच नाही.

सौ_देवपूर:
बघा.

फिल्टरवाला_अण्णा:
ही सगळी उसनी हौस आहे. सूफी संत बाबाबुदन येमेनहून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावतात, आणि आपण इटलीकडे बघतो! पितळी फिल्टर, थोडी चिकोरी, घट्ट दूध. विषय संपला.

दोन_घोट (धुळे):
अण्णा, त्याच कर्नाटकातल्या बिया इथल्या मशीनमध्येही पडतात. थोडा रोबस्टा जातीचा माल असला की फेस जाड येतो. भाजल्यावर बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाने बाहेर येतो, त्याचा तो तांबूस थर, क्रीमा. पण बिया भाजून महिनोन्‌महिने झालेल्या असतील आणि आपल्या मे महिन्यात मशीनवरच्या डब्यात उघड्या पडल्या असतील तर वायूही गेला आणि वासही.

फिल्टरवाला_अण्णा:
फेसाने पोट भरतं का?

इतिहासप्रेमी:
क्रीमाचा विषय निघाला म्हणून सांगतो. वाफेवरच्या कॉफी यंत्राचं पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ मध्ये घेतलं, पण त्या कॉफीवर हा थर नसे. तो आला दुसऱ्या महायुद्धानंतर, इटलीतल्याच गाजियाच्या दांडा ओढायच्या मशीनवर. दाब वाढला म्हणून. सुरुवातीला लोकांना हा कसला साका आलाय असं वाटायचं म्हणे.

मेहरूणकाठ:
छान माहिती. आज बुधवार आहे. दाजी शनिवारी येतायत.

तापीथडी:
भाऊ, तू कॉफी पी ऱ्हायना का परीक्षा ली ऱ्हायना? एक साधं विचारतो. कप हातात आल्यापासून किती वेळाने पितोस?

मेहरूणकाठ:
लगेच. घरी पोचलो की लगेच.

तापीथडी:
घरी??

मेहरूणकाठ:
पार्सल नेतो ना. सहा पार्सल, एका फेरीत, अ‍ॅक्टिव्हाच्या हुकाला पिशवी अडकवून. घरी ओट्यावर ओळीने मांडतो आणि एकेक घोट घेतो. दुकानात वही काढून बसलो तर मालक काय म्हणेल? शिवाय एका वेळी प्यायल्याशिवाय तुलना कशी होणार?

दोन_घोट (धुळे):
अरे देवा.

भुसावळवाला:
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

मेहरूणकाठ:
कुणी विचारलंच नाही. आणि पार्सल नेणं यात सांगण्यासारखं काय?

दोन_घोट (धुळे):
भाऊ, कपात कॉफी असते जेमतेम ३०-४० मिली. कागदी थंड पेल्यात पडली की एक-दोन मिनिटांत निवते, क्रीमा विरतो. गार होताना आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही वर येतात. सहा दुकानं फिरून घरी येईस्तोवर पाऊण तास गेला असेल. तुम्ही कॉफीला नाही, पाऊण तासाला गुण दिलेत.
आता असं करा. काउंटरपाशी उभं राहूनच प्या, चिनीमातीच्या कपात. आधी पाण्याने चूळ. चमच्याने तळापासून ढवळा, कारण खालचा थर दाट आणि वरचा पातळ असतो. दोन-तीन घोटांत संपवा. एका दिवशी तीनपेक्षा जास्त नको, झोप उडेल. वही नको, बाहेर आल्यावर मोबाईलवर टिपा.

टीडीएस_काका:
आणि पाणी विचारा.

मेहरूणकाठ:
आज शुक्रवार, आत्ताच आलो. 'च' आणि 'छ' सोडले. 'छ'चं मशीन बंद आहे, आणि मागच्या वेळी तिथे काय प्यायलो देव जाणे. 'घ' काल झालं, तिथे ४८ सेकंद लागले आणि जीभ बधिर झाली.

'क': नळ सोडल्यासारखी धार. १४ सेकंदांत कप भरला. वर पिवळट फेस, बघता बघता मधोमध भोक पडलं. कैरी चावल्यासारखे दात आंबले. आतल्या सजावटीवर मात्र खर्च दणकून केलेला आहे.

'ख': ठीक. गरम होती, कडू होती, पण कडूच्या पुढे काही नव्हतं. मुलगा फोनवर बोलत बोलत काढत होता.

'ग': याला मी दोनदा ३ दिले होते. छोटं दुकान, चार स्टुलं. पोरगा विशीतला असेल. त्याने आधी दांडीवालं हँडल काढून कोरड्या फडक्याने आतून पुसलं, मशीनमधून दोन सेकंद नुसतं पाणी सोडलं, मग पूड छोट्या काट्यावर तोलली. कप मशीनच्या डोक्यावर पालथे ठेवलेले, हाताला ऊब लागत होती. पहिली काढली, धारेकडे बघितलं आणि मला न विचारता बेसिनमध्ये ओतून दिली. म्हणाला, "सकाळपासून ऊन वाढलंय, दळण बदलावं लागेल." दुसरीला काकवीसारखी धार. २८ सेकंद. पहिला घोट कडू, पण मागून भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी आलं आणि घरी पोचेपर्यंत तोंडात होतं. ८ गुण.

काका, पाणीही विचारलं. वीस लिटरचा जार.

टीडीएस_काका:
कोणत्या कंपनीचा?

चहाच_बरा:
त्या पोराने ओतून दिलेल्या पहिल्या कपाचे पैसे घेतले का?

मेहरूणकाठ:
नाही घेतले.

चहाच_बरा:
मग दुकान चालायचं नाही.

दोन_घोट (धुळे):
उद्या दाजींना गर्दीच्या वेळी नेऊ नका. चार ऑर्डरी अंगावर आल्या की कुणीच तोलत बसत नाही. आणि दुकान उघडल्या उघडल्याही नको, मशीन नीट तापायला अर्धा तास जातो.

सौ_देवपूर:
दाजींना जेवायला काय करताय? भरताची वांगी चांगली येतायत सध्या.

मेहरूणकाठ:
शनिवार, रात्र. साडेअकराला नेलं. तोच पोरगा होता. दाजींनी कप नाकाशी धरला, ढवळलं नाही (मी सांगणार होतो, गप्प बसलो), दोन घोटांत संपवली. म्हणाले, "बरी आहे." आणि अजून एक मागवली. बिल मी दिलं. मग ताईला फोन लावून तिथेच उभ्या उभ्या काहीतरी सांगत होते. ऐकायचा फार प्रयत्न केला, पण पोराने नेमकी त्याच वेळी दुसऱ्याच्या दुधासाठी वाफ सोडली.