घरात झाडं लावायला कुंड्या घरीच कशा करायच्या?

टिळकवाडीतून: आमच्याकडं गॅलरी नाही ओ, एकच खिडकी आहे, सकाळचं ऊन येतंय. कोथिंबीर नि पुदिना लावायचाय. मागच्या पावसाळ्यात डब्यात पुदिना लावलेला तो मुळं कुजून गेला, लई वाईट वाटलं. काय करू?

खानापूरहून: डब्याला भोकं पाडलीसा काय? तेच मेन आहे बघा. खिळा गॅसवर तापवून खालनं ५-६ भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. नुसती तांबडी माती घट्ट बसते, निम्मा नारळाचा भुसा नि कंपोस्ट मिसळा. कोथिंबिरीला ६ इंच खोली पुरे, धने लाटण्यानं फोडून पेरा, ८-१० दिवसांत उगवतात.

शहापुरातून: पुदिन्याला मी २ लिटरची बाटली मधोमध कापते, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, बुचाला भोक पाडून जुन्या सुती साडीची वात ओवायची, खाली पाणी, वर माती. वात पाणी ओढून घेते, माती लागेल तेवढीच ओली राहते. बाटलीला बाहेरनं कागद मात्र गुंडाळाच, उजेड लागला की आत हिरवं शेवाळ धरतंय.

टिळकवाडीतून: भोकंच नव्हती ओ! आजच बाटली कापते.