कापूस घरात यायच्या आधीच महालक्ष्म्या येतात
वर एकांनी लिहिलंय की पीक बुडालं की माणूस जास्त देवभोळा होतो. आमच्या यवतमाळकडे मला थोडं वेगळं दिसतं. श्रद्धा तेवढीच राहते, ओढाताण होते ती रीत सांभाळताना. पोळा आणि महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, येतात श्रावण-भाद्रपदात. तेव्हा खत-फवारणीचा पैसा कपाशीत अडकलेला, आणि पहिला वेचा दसरा-दिवाळीशिवाय हाती लागत नाही. म्हणजे घरातला सगळ्यात मोठा कुळाचार नेमका उधारीच्या दिवसांत.

एका वर्षी आमच्या काकूंनी १६ भाज्या एकाच गंजात शिजवल्या, प्रत्येकीच्या दोन-दोन फोडी. जेवायला फक्त घरचे. आंबील मात्र दरवर्षीसारखीच, घरच्या ज्वारीची. मुखवट्यांपुढे हात जोडून म्हणाल्या, "माय, यंदा एवढंच." तो आवाज अजून कानात आहे.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच गाडगेबाबा कीर्तनातून कळकळीनं सांगायचे, कर्ज काढून सण करू नका. बाबा १९५६ साली गेले. सावकाराकडून पुरणाच्या डाळीसाठी पैसे आणणारी घरं मी आजही पाहतो, आणि जीव तुटतो. आमच्या गल्लीत आता तीन घरं मिळून एकच पंगत बसवतात. काकूच वाढायला पुढे असतात.