शिकारीसाठी पहिली रायफल : जुनी लष्करीच घ्यावी, असं माझं मत

हिलकंट्रीवाला (धागाकर्ता)

टेक्सासात स्थायिक झालेल्या आणि शिकारीची आवड लागलेल्या मराठी माणसाने पहिली रायफल कुठली घ्यावी, यावर परवा मित्रमंडळीत वाद झाला. माझं मत इथे मांडतो. जुनी लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागेपुढे करायची) घ्यावी, आणि मिळाली तर इशापूरची २ए१ घ्यावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर ही बनवली. घडण आपल्या ओळखीच्या थ्री नॉट थ्रीची, पण काडतूस नाटोचं ७.६२. त्याचा जास्त दाब सोसावा म्हणून पोलादही वेगळं वापरलं. पुढे लष्कराच्या जुन्या साठ्यातून निघालेल्या बऱ्याच रायफली अमेरिकेत आल्या. १९६८ च्या कायद्याने इथली लष्करी शस्त्रांची आयात बंद झाली होती, १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली, म्हणून हे शक्य झालं. बंगालात घडलेली रायफल इथल्या रानात माझ्या खांद्यावर असावी, ही ओढ मी लपवत नाही.

पण मुद्दा भावनेचा नाही. माझ्या मते साठ्यातली रायफल स्वस्त पडते, साठ्यातली काडतुसंही. सैनिकाने चिखलात टाकली, पावसात भिजवली तरी चालावी म्हणून ती बनवलेली असते. लोखंडी नेम घट्ट बसवलेला, काच फुटायची भीती नाही. रानडुकराचा कळप समोर आला तर दहा-बारा गोळ्यांचं मॅगझिन हाताशी. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फ पडून वीज गेली तेव्हा दुकानांतली फडताळं रिकामी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली. अशा वेळी घरात अन्न मिळवून देणारं एक भरवशाचं साधन असावं, असं मला मनापासून वाटतं.

पेन्सिल्व्हेनियाचा पुणेकर

पूर्ण असहमत.

तुमचा सगळा युक्तिवाद 'स्वस्त' या शब्दावर उभा आहे आणि तो स्वस्तपणा आता राहिलेला नाही. २००० नंतरच्या दशकात मोसिन-नागांत ही जुनी रशियन लष्करी रायफल शंभर डॉलरच्या आत मिळायची, ग्रीसने माखलेली, पेटीतून काढलेली. सर्व प्रकार धरून अशा साडेतीन कोटींहून अधिक रायफली बनल्या होत्या, म्हणून तो भाव होता. आज बऱ्या अवस्थेतल्या एकीला काही शे डॉलर पडतात. इशापूरही त्याच वाटेने गेली. तेवढ्याच पैशांत रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस नवी कोरी मिळते, दुर्बीण बसवायची सोय असलेली, किलोभराने हलकी.

काडतुसांचंही तेच. मोसिनची स्वस्त काडतुसं बहुतांशी रशियातून यायची. सप्टेंबर २०२१ पासून त्यांच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आहेत. जुनी साठ्यातली वापरलीत तर त्यांच्या बुडाच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि गंज धरतो. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. नवख्याला हे कोण सांगतं?

शिवाय टेक्सास म्हणजे अमेरिका नव्हे. ओहायोत हरणासाठी रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं, तोंडाशी निमुळतं न होणारं लागतं, म्हणजे थ्री नॉट थ्री, ७.६२, मोसिन सगळ्या बाद. आमच्या पेन्सिल्व्हेनियात सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलने हरीण मारता येत नाही, म्हणून एसकेएस ही तसली जुनी सोव्हिएत रायफलही बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसेविरहित गोळीच लागते. आधी आपल्या राज्याचं शिकार नियमांचं पुस्तक उघडावं, मग दुकानात जावं.

युकॉनवारी

मी धागाकर्त्याच्या बाजूने. कॅनेडियन रेंजर्सचं उदाहरण घ्या. १९४७ मध्ये हे दल उभं राहिलं. उत्तरेच्या बर्फातल्या वस्त्यांमधली माणसं, त्यांत इनुइट पुष्कळ, आणि त्यांच्या हातात ली-एन्फिल्ड नंबर ४, म्हणजे थ्री नॉट थ्रीच. उणे चाळीस तापमानात, ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात ही रायफल दोन-तीन पिढ्या वापरली गेली. महायुद्धानंतर इथल्या शेतकऱ्यांनी आणि लाकूडतोड्यांनी साठ्यातल्या थ्री नॉट थ्री घेतल्या आणि त्यांवर मूस (मोठ्या जातीची हरणं) मारून घरं पोसली. सर्व्हायव्हलचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

पेन्सिल्व्हेनियाचा पुणेकर

उदाहरण उत्तम आहे, पण अर्धं सांगितलंत. त्याच रेंजर्सना ती रायफल बदलून फिनलंडच्या टिक्का रायफलीच्या घडणीची सी१९ दिली गेली. कारण एन्फिल्ड वाईट होती म्हणून नाही. सुटे भाग मिळेनासे झाले होते. एका देशाच्या सैन्याला जे भाग जुळवणं जड गेलं, ते तुम्ही ऑस्टिनात बसून कसे जुळवणार? एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाची) स्प्रिंग तुटली तर इंटरनेटवर महिनाभर शोधत बसायचं.

निवृत्त जमादार

मुलीकडे डॅलसला आलोय, जावयांनी हा धागा दाखवला. आयुष्याची बरीच वर्षं थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवली आहे, म्हणून चार शब्द.

हत्यार खणखणीत आहे, त्यात वाद नाही. बोल्ट लोण्यासारखा सरकतो. पण बाळांनो, आमच्यामागे हत्यारं दुरुस्त करणारा आर्मोरर होता. तो गेज लावून बोल्टची बैठक तपासायचा, झिजलेला भाग बदलायचा, रायफल नापास करायचा. तुमच्या हातात येणारी रायफल कुठल्यातरी आर्मोररने नापास केलेली असेल आणि मग ती विकली गेली असेल, हेही शक्य आहे. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का, हे सगळ्यात आधी बघा. जुळत नसेल तर दोन रायफलींचे भाग एकत्र आले आहेत असं धरा. काडतूस मागच्या बाजूला फाटलं तर गरम वायू तोंडावर येतो. डोळा जातो.

आणि सफाई. पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी ओढायची, डोळ्यासमोर धरून बघायची, चिंदी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. ज्याला याचा कंटाळा आहे त्याने जुनं हत्यार घेऊ नये.

हिलकंट्रीवाला (धागाकर्ता)

काका, नमस्कार. गेजचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि माझा आग्रहच आहे की गनस्मिथने (बंदुकांच्या कारागिराने) तपासल्याशिवाय एकही बार काढू नये. इशापूरच्या बाबतीत तर आणखी एक काळजी. .३०८ चं दुकानातलं काडतूस आणि नाटोचं ७.६२ दिसायला एक, पण चेंबरची (नळीतल्या काडतुसाच्या जागेची) मापं आणि दाबाची गणितं तंतोतंत एक नाहीत. त्यामुळे कुठलं काडतूस चालवायचं, हेही गनस्मिथलाच विचारावं.

पुणेकर, तपासणीचे पैसे धरूनही मला हा व्यवहार पटतो. नवी स्वस्त रायफल प्लास्टिकच्या दस्त्याची असते. तिच्यावर माझा जीव जडत नाही, आणि ज्यावर जीव नाही त्याचा सराव माणूस करत नाही.

मॅडिसनची ताई

सराव, जीव, इतिहास, सगळं वाचलं. प्राण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम असतो. मी दरवर्षी जाते आणि हरीण स्वतः सोलते. लष्करी साठ्यातली गोळी पूर्ण धातूच्या वेष्टणाची असते. ती शरीरात फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पडत नाही, पळतं, आणि झाडीत कुठेतरी तासन्‌तास तडफडून मरतं. म्हणून अनेक राज्यांत अशा गोळीने हरीण मारायला बंदी आहे. शिकारीला फुलणारी सॉफ्ट-पॉइंट गोळीच हवी, आणि ती घेतली की 'साठ्यातली स्वस्त काडतुसं' हा फायदा उरतच नाही.

दुसरं म्हणजे नेम. हंगामात हरणं हलतात पहाटे आणि संध्याकाळी. लष्करी रायफलीची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) त्या उजेडात करड्या अंगावर नीट दिसत नाही. दुर्बीण लावायची तर मोसिनचा सरळ बोल्ट आडवा येतो, तो वाकवावा लागतो. एन्फिल्डला भोकं पाडली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत संपली. ऐतिहासिक वस्तूची नासधूस करून साधारण दर्जाची शिकारी रायफल मिळवायची, याचं मला दुःख होतं.

आणि संकटात टिकून राहण्याबद्दल. २०२१ च्या त्या आठवड्यात टेक्सासातली माणसं थंडीने आणि बंद घरात जनरेटर किंवा गाडी चालू ठेवल्याने झालेल्या विषबाधेने गेली. पाणी, पांघरुणं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दोन आठवड्यांचं धान्य, हे आधी. त्यानंतर हत्यारच हवं असेल तर पॉइंट टू टू (.२२, छोट्या काडतुसाची रायफल) घ्या. पाचशे काडतुसांचं वजन दोन किलोच्या आत, ससा-खार मिळते, आवाज कमी. मोसिनची शंभर काडतुसंच दोन किलोंच्या वर जातात.

युकॉनवारी

ताई, गोळीबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडेही थ्री नॉट थ्रीत १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची सॉफ्ट-पॉइंटच वापरतात. पण टू टूने मूस पडत नाही, आणि अस्वल तर नाहीच. मुलूख बघून ठरवावं लागतं.

नवा_एचवनबी

मी दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनला आलो. मला घेता येईल का? ऑफिसातला सहकारी म्हणतो की ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं.

पेन्सिल्व्हेनियाचा पुणेकर

पुरत नाही! हे नीट वाच. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे आणि केंद्रीय कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला तुझ्या उपयोगाचा म्हणजे वैध शिकार परवाना, आणि तो संपला की अपवादही संपतो. दुकानात बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर हाच प्रश्न विचारलेला असतो, तिथे खोटं लिहिणं गुन्हा आहे. बंदुकीच्या कायद्याखाली शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. वकिलाची फी देऊन आधी विचार.

आणखी एक, सगळ्यांसाठी. शिकारीची बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो.

दापोलीचा बागायतदार

तुमची चर्चा वाचून वाटलं की आपण दोन वेगळ्या जगांत राहतो. इथे डुकरं भातात आणि वानरं बागेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद. पीक खाणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही सामान्य माणसाला निषिद्ध बोअर (नळीचं माप), म्हणून गावात परवाना असलाच तर ठासणीची किंवा बारा बोअर. इशापूरची ती रायफल इथल्या शेतकऱ्याला मिळत नाही आणि टेक्सासात मिळते, हे वाचून त्रास झाला. तरीही काका म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे जुन्या नळ्या फुटून गेलेले हात मी पाहिले आहेत.

हिलकंट्रीवाला (धागाकर्ता)

ताईंच्या मुद्द्यांनंतर माझी शिफारस अधिक नेमकी करतो, मागे घेत नाही. इशापूर घ्यायची ती भोकं न पाडता, गेजमध्ये पास झालेली, बोल्टचा नंबर जुळणारी. शिकारीला सॉफ्ट-पॉइंटच. शंभर यार्डांवर बसून मारलेल्या पाच गोळ्या दर वेळी एका वितीत बसेपर्यंत जनावरावर नेम धरायचा नाही, आणि त्यानंतरही शंभरच्या पलीकडे नाही. सुरुवात डुकरांपासून. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला इथे २०१९ पासून शिकार परवानाही लागत नाही. पण वर पुणेकरांनी सांगितलेला अपवाद परवान्यावरच टिकतो, म्हणून एच-१बीवाल्यांनी ही सवलत आपली समजू नये.

मॅडिसनची ताई

शंभर यार्डांची अट पाळणार असाल तर हरणाच्या बाजूने माझी हरकत नाही. पण 'पहिली रायफल' हे शीर्षक अजूनही पटत नाही. ही दुसरी रायफल आहे. पहिल्या रायफलीवर माणूस श्वास धरायला आणि चाप सावकाश ओढायला शिकतो, आणि दणका खाऊन डोळे मिटायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.

निवृत्त जमादार

ताई बरोबर बोलताहेत. रंगरूटाला आम्हीसुद्धा आधी टू टूवरच बसवायचो.