हरणासाठी पहिली फ्लिंटलॉक : लांब नळीची, गोल गोळीचीच घ्या, स्वस्तातली आखूड नको (पेन्सिल्वेनिया)

सस्क्वेहाना :

ख्रिसमसनंतरच्या सीझनला पेन्सिल्वेनियात पहिल्यांदा फ्लिंटलॉक घेऊन उतरणाऱ्यांसाठी हा धागा. आपल्यातले बरेच जण विचारत असतात कुठली घेऊ, आणि शेवटी दुकानात जी सगळ्यात स्वस्त ती गळ्यात पडते, म्हणून मत स्पष्ट मांडतोय, ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. ही ठासणीची बंदूक, दारू आणि गोळी तोंडातून घालून गजाने ठासायची, घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड, चाप ओढला की दगड पोलादी पात्यावर म्हणजे फ्रिझनवर घासतो, ठिणग्या पॅनमधल्या, म्हणजे नळीलगतच्या छोट्या वाटीतल्या बारीक दारूवर (रंजकीवर) पडतात, ती भडकते आणि नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आग आतल्या दारूला लागते. इथे १९७४ पासून ह्यासाठी वेगळा सीझन आहे, सहसा २६ डिसेंबरला सुरू होतो, आणि त्यात टोपीवाल्या (दगडाऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) किंवा इनलाइन (दारूच्या थेट मागून पेटणाऱ्या आधुनिक ठासणीच्या) चालत नाहीत, चकमकच हवी, नळीचं तोंड .४४ इंच किंवा त्याहून मोठं, दुर्बीण लावायची नाही.

आता माझं म्हणणं. .५० ची नळी, लांबी निदान ३६ इंच, आतला पीळ सावकाश, म्हणजे साठ-सहासष्ट इंचांत एक वेढा, आणि मऊ शिशाची गोल गोळी तेल लावलेल्या कापडाच्या पॅचमध्ये. .५० ला .४९० ची गोळी बसते, वजन १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं माप) आतबाहेर, ७० ते ९० ग्रेन काळी दारू. ५०-६० यार्डावर व्हाइटटेल हरणाला एवढं भरपूर आहे, गोळी खांद्याच्या मागे नीट बसली तर हरीण फार लांब जात नाही.

नळी लांब कशाला असं विचारतात. अठराव्या शतकात लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी युरोपातली आखूड, जाड तोंडाची येगर रायफल घेतली आणि हळूहळू ती ४० इंचांच्या पुढे नेली, तोंड बारीक केलं, शिसं आणि दारू दोन्ही वाचवलं. ते शोभेसाठी नव्हतं. लांब नळीवर मागची माशी आणि पुढची माशी ह्यांच्यात अंतर जास्त, त्यामुळे उघड्या साइटवर नेम धरताना चूक कमी होते, शिवाय वजन पुढे असल्याने चाप ओढल्यावर नळी हलत नाही, आणि फ्लिंटलॉकमध्ये ठिणगी पडण्यापासून गोळी सुटेपर्यंतचा क्षण हाच सगळा खेळ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॉक, म्हणजे घोडा, फ्रिझन आणि पॅनची ती सगळी यंत्रणा. पैसे तिथे घाला. लाकूड साधं चालेल, पितळ नसलं तरी चालेल, पण फ्रिझन नीट कडक केलेलं नसेल तर जगातला कुठलाही दगड लावा, ठिणगी पडणार नाही.

मोकळंरान :

पहिल्या वाक्यापासून असहमत. अहो नवीन माणसाला तुम्ही हजार दीड हजार डॉलरच्या घरात ढकलताय. किबलरचं घरी जोडायचं किट घेतलं तरी हजाराच्या वर, वर घासायचं, डाग द्यायचा, ब्राऊन करायचं, तो माणूस वर्षभर गॅरेजमध्येच बसेल आणि सीझन निघून जाईल.

मी आखूडच सांगेन. ख्रिसमसनंतर हरणं कुठे असतात? रायफल सीझनमध्ये दोन आठवडे मार खाल्लेला असतो, सगळी लॉरेलच्या जाळीत नाहीतर हेमलॉकच्या गर्दीत शिरून बसलेली असतात. आम्ही हाका घालतो, चार-पाच जण ओळीने जाळीतून चालतात आणि दोघं पलीकडे उभे राहतात. त्या लॉरेलमधून ४२ इंची नळी घेऊन जाऊन बघा एकदा, दर पावलाला फांदीत अडकते आणि पॅन उघडून रंजक सांडते ते वेगळंच. तिथे २६-२८ इंचांची नळीच कामाची, पटकन खांद्याला येते, हरीण वीस यार्डावरून पळत जातं तेव्हा तुमच्या दोन माशांमधल्या अंतराचा काय उपयोग?

दुसरं, ट्रॅडिशन्स कंपनीची पेन्सिल्वेनिया पेलेट किंवा तसल्या बंदुकांचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, मागून निघतो. ही गोष्ट ज्याने रात्री नऊ वाजता थंडीत कुडकुडत नळी धुतलीय त्यालाच कळेल. शिवाय त्यांचा पीळ २८ इंचांत एक वेढा, म्हणजे लांबट गोळी चालते, ती लांबवर वेग टिकवते. तुमची गोल गोळी १०० यार्डापर्यंत जाता जाता वेगाचा मोठा हिस्सा गमावून बसते.

आणि फायबर ऑप्टिक साइट, म्हणजे चमकणाऱ्या रंगीत माशा. संध्याकाळी साडेचारला बर्फाळ जंगलात काळ्या लोखंडाची माशी दिसतच नाही. चाळिशीनंतर तर अजिबात नाही.

वाचलेल्या पैशाची दारू घ्या आणि उन्हाळाभर उडवा.

आडवाट :

मोकळंरानला +१, फक्त एक सांगा, त्या पेलेट (दारूच्या दाबून केलेल्या गोळ्या) खरंच पेटतात का फ्लिंटलॉकमध्ये? आमच्या इथल्या रेंजवर मी तरी कुणाच्या नीट पेटलेल्या बघितल्या नाहीत.

मोकळंरान :

पेलेट मी पण वापरत नाही. पायरोडेक्स वगैरे काळ्या दारूच्या पर्यायांना पेटायला जास्त उष्णता लागते, पॅनमधल्या भडक्याने ते होईलच असं नाही. नळीत खरी काळी दारू थ्रीएफ (बारीक दाण्याची) आणि पॅनमध्ये फोरएफ (त्याहून बारीक), बाकी काही नाही. बंदुकीच्या नावात पेलेट आहे म्हणून पेलेट घालायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

माळरान :

मी जरा वेगळं बोलतेय, राग मानू नका. तुम्ही दोघं नळीच्या इंचावर भांडताय, पण मुळात ही बंदूक हरणावर का चालवायची? मी शिकारीच्या विरोधात नाही, आमच्या फ्रीझरमध्ये दरवर्षी हरणाचं मांस असतं. पण ऑक्टोबरमध्ये इथे माद्यांसाठी मझललोडर (ठासणीच्या बंदुकांचा) सीझन असतो, त्यात इनलाइन चालते, दुर्बीण चालते, दारू आत कोरडी राहते, चाप ओढला की सुटते. ते सोडून जी बंदूक ओल्या हवेत सुटेल की नाही सांगता येत नाही, सुटली तर उशिरा सुटते, ती घेऊन जिवंत जनावरासमोर उभं राहायचं हे मला पटत नाही. आपल्या हौसेची किंमत त्या जनावराने का द्यायची? रात्रभर टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलेले लोक मी बघितलेत, आणि सकाळी सापडलेलं हरीण पण बघितलंय.

गेम कमिशनने (राज्याच्या शिकार खात्याने) ह्या सीझनला इनलाइन उघडाव्यात अशी मागणी अधूनमधून होते, माझा त्याला पाठिंबा आहे.

सस्क्वेहाना :

माळरान, राग कशाला, तुमचाच मुद्दा सगळ्यात वजनदार आहे.

पण बघा, बंदूक उशिरा सुटते हे अर्धंच खरं आहे. नीट जुळवलेलं लॉक, धार असलेला दगड, मोकळं भोक असेल तर कानाला ठिणगी आणि बार वेगळे ऐकूच येत नाहीत. फट् करून मग धाड् होते ती बहुतेक वेळा रंजक जास्त भरल्यामुळे. लोक पॅन काठोकाठ भरतात, भोक दारूने बुजतं, मग ती दारू वातीसारखी आधी जळत आत जाते. पॅन अर्ध्याहून कमी भरायचा आणि भोक मोकळं ठेवायचं, म्हणजे भोकातून भडक्याची उष्णता थेट आत जाते.

राहिला प्रश्न जखमी होण्याचा. त्यावर उपाय अंतर आहे. माझी मर्यादा ५० यार्ड, आणि उभ्या हरणावरच. मोकळंरान म्हणतात ते हाक्यातलं पळतं हरीण मी मारत नाही, आणि माझ्या मते फ्लिंटलॉकने कुणीच मारू नये, तुमचा आक्षेप खरा लागू होतो तो तिथे. एकच बार आहे, दुसरा भरायला अर्धं मिनिट तरी जातं, तेव्हा हा सीझन मुळात थांबायला शिकवतो. इनलाइन आत आणल्या की तो आणखी एक रायफल सीझन होईल, लोक पुन्हा दीडशे यार्डावर मारायला लागतील, त्यात हरणाचं काय भलं?

मोकळंरान, लांबट गोळीचं तुम्ही म्हणता ते कागदावर बरोबर. पण जी बंदूक ५० यार्डाच्या पुढे उडवायचीच नाही तिला १०० यार्डावरचा वेग कशाला? आणि गोल गोळीने सराव स्वस्त पडतो, घरी शिसं वितळवून ओतता येते.

मोकळंरान :

पळत्या हरणाबद्दल एवढं सरसकट नका बोलू. आमचे हाका घालणारे सावकाश चालतात, गप्प चालतात, त्यामुळे हरीण उधळत नाही, दबकत दबकत बाहेर येतं आणि जाळीच्या कडेला थांबून मागे बघतं. तेव्हाच बार टाकायचा. तो थांबलेला क्षण फार तर दोन-तीन सेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात खांद्याला येणारी बंदूक हवी, म्हणूनच आखूड म्हणतोय.

भिजपाऊस :

तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहूनच जातेय. पाणी.

मी पश्चिमेकडच्या डोंगरात शिकार करते, इथे जानेवारीत अर्धे दिवस बर्फ आणि पाऊस एकत्र. लांब घ्या आखूड घ्या, दुपारपर्यंत पॅन उघडून बघा, रंजकीचा करडा चिखल झालेला असतो. काळी दारू जळल्यावर जो मळ राहतो तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणून एक बार झाल्यावर तर फारच. त्यामुळे बंदूक घेताना मी पहिलं बघते ते पॅन आणि फ्रिझन एकमेकांवर किती घट्ट बसतात, मधून उजेड दिसला की ती बंदूक ठेवून द्यायची. स्वस्त बंदुकांत इथेच फट असते (सगळ्या नाही), आणि मोकळंरान दादा, ती फट फायबर ऑप्टिकने भरून निघत नाही.

बाकी उपाय सगळ्यांना माहीत असतात पण करत कुणी नाही. लॉकवर मेण चोळलेल्या चामड्याचं झाकण बांधायचं. रंजक तासाभराने ओतून टाकायची, पॅन कोरड्या फडक्याने पुसायचा, फ्रिझन आणि दगडाची धार पण पुसायची, बोटाने नाही, बोटाचं तेल लागलं की ठिणगी मरते. भोकात बारीक तार फिरवायची आणि मग नवीन रंजक. गरम गाडीतून थंडीत आणि परत गाडीत असं बंदुकीला नाचवायचं नाही, आत दव धरतं.

आणि धूर! ह्याबद्दल कुणीच सांगत नाही. बार झाला की समोर पांढरा पडदा, हरीण कुठे गेलं काही दिसत नाही. लगेच गुडघ्यावर बसायचं आणि धुराखालून बघायचं, मग शेपटी कुठल्या झाडामागे गेली ते कळतं. माळरान ताई ज्या रात्रभरच्या शोधाबद्दल बोलतायत त्यातले अर्धे शोध ह्या एका सवयीने वाचतील असं माझं मत आहे.

कॅलिबरबद्दल मात्र मी सस्क्वेहानाच्या पुढे जाईन, .५४ घ्या. .५३० ची गोळी २२४ ग्रेनच्या आसपास जाते, भोक मोठं पडतं, बर्फावर रक्ताचा माग ठळक मिळतो.

कुडाळकर :

आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका घराघरात बघितल्यात, त्यामुळे हा धागा वाचायला मजा येतेय. पण तिकडच्या केपाच्या, म्हणजे टोपीवाल्या, आणि नळी आतून गुळगुळीत, पिळाची नाही. माकडं-डुकरं हाकलायला आवाज पुरतो. नवीन लोकांनी त्या अनुभवावर इथे भिस्त ठेवू नये, पिळाच्या नळीत गोळी घट्ट ठासावी लागते, आणि गोळी दारूवर पूर्ण टेकलेली हवी, मध्ये हवा राहिली तर नळी फुटू शकते. गजावर खूण करून ठेवा, भरल्यावर गज खुणेपर्यंत आत गेला पाहिजे. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे तेव्हा गावच्या गोष्टी ह्यात आणू नयेत हे पण बरं.

आडवाट :

एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांसाठी : फेडरल कायद्यात फ्लिंटलॉक ही अँटिक धरली जाते, नेहमीच्या बंदुकीचे नियम तिला लागू नाहीत. पण राज्याचा कायदा वेगळा असतो, न्यू जर्सीत ठासणीच्या बंदुकीलाही बंदूक खरेदीचं ओळखपत्र (कार्ड) लागतं, म्हणून आधी आपल्या राज्याचं बघा. आणि पेन्सिल्वेनियात हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स आणि वरून मझललोडरचं वेगळं लायसन्स.

माळरान :

भिजपाऊसचं धुराचं पटलं. तरी माझं मत बदललेलं नाही. इथे लिहिणारे सगळे काळजी घेणारे आहेत, पण २६ डिसेंबरला पार्किंगमध्ये बघा, कपाटातून वर्षातून एकदा बाहेर काढलेली बंदूक आणि मागच्या वर्षीचाच बोथट दगड घेऊन आलेले किती असतात. त्यांच्यासाठी तुमच्याकडे काय उत्तर आहे? निदान मझललोडरचं लायसन्स देताना कागदावर नेम मारून दाखवायची अट तरी असावी.

सस्क्वेहाना :

त्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा. ५० यार्ड, कागदाच्या ताटलीवर सलग पाच गोळ्या, इनलाइनवाल्यांनाही तीच.

मोकळंरान :

माझाही. आणि माझी आखूड बंदूक घेऊन मी पहिला रांगेत उभा राहीन.

भिजपाऊस, पॅनच्या फटीचं मान्य, ते बघूनच घ्यावी. अजून एक जोडतो, आखूड घ्या नाहीतर लांब : दुकानदाराला विचारून, बंदूक रिकामी आहे ह्याची गजाने खात्री करून, पॅन कोरडा ठेवून नुसता चाप ओढायला मागा, शक्यतो सावलीच्या कोपऱ्यात. ठिणग्या पांढऱ्या, लांब आणि पॅनच्या मधोमध पडल्या पाहिजेत. लाल, दोन-चारच, नळीकडे उडणाऱ्या असतील तर दगड उलटा लावून परत बघा, धार फ्रिझनला समांतर आहे का बघा. तरी तसंच असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. आणि उजव्या बाजूला कुणाला उभं करू नका, भोकातली आग तिकडेच निघते.

भिजपाऊस :

आणि डोळ्यांना गॉगल, दुकानात पण. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचं लॉक मिळेपर्यंत थांबावं, उजव्या लॉकचा भडका तोंडासमोरच होतो. .५४ वर कुणीच काही बोललं नाही ते?

सस्क्वेहाना :

.५४ वर बोलतो ना, शिसं जास्त, दारू जास्त, आणि धक्का बसायला लागला की नवीन माणूस चापाच्या वेळी डोळे मिटतो. .५० वर एक सीझन काढा, मग बघू.